अवयव प्रत्यारोपण : मुलाच्या मनाची आणि अभ्यासाची काळजी

प्रत्यारोपण करायचं ठरलं की घरातली फाइल जाड होऊ लागते. रक्तगट, सीटी स्कॅन, टूडी इको, दातांच्या डॉक्टरांची चिठ्ठी, राहिलेल्या लशी, दात्याच्या तपासण्या, ऑथोरायझेशन कमिटीपुढे नातं सिद्ध करणारे कागद, वर पैशांची जुळवाजुळव. नांदेड, धुळे, सावंतवाडीहून मुंबई-पुण्याला आलेले आईबाप आठवडेच्या आठवडे या कागदांमागे धावत असतात. ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय त्या मुलाशी मात्र बहुतेक वेळा कुणी नीट बसून बोललेलं नसतं. ‘पोट बरं करायला मोठ्या दवाखान्यात जायचंय’ एवढंच त्याला ठाऊक असतं.

हा लेख अशा आईबापांसाठी आणि त्यांच्या जवळच्या माणसांसाठी आहे. लिव्हर आणि किडनीच्या प्रत्यारोपणावर यात भर आहे, बोन मॅरोबद्दल पुढे थोडं वेगळं लिहिलं आहे. माझं ठाम मत आहे की मुलाला खरं सांगणं हा उपचाराचाच भाग आहे. आणि त्याच्या मनाची, शिकण्याची नोंद किडनी-लिव्हरच्या तपासणीतल्या क्रिएटिनिन किंवा एसजीपीटीच्या आकड्यांइतक्याच काळजीने त्याच फाइलमध्ये राहिली पाहिजे.

भारतातलं पहिलं यशस्वी लिव्हर प्रत्यारोपण १९९८ साली दिल्लीत झालं, ते एका २० महिन्यांच्या मुलावर. त्याला बिलिअरी अट्रेसिया होता, म्हणजे लिव्हरमधून पित्त वाहून नेणाऱ्या नळ्याच बंद होत्या. वडिलांनी लिव्हरचा तुकडा दिला. तो मुलगा पुढे स्वतः डॉक्टर झाला. त्या काळी मूल वाचेल का, हाच प्रश्न असायचा. आज चांगल्या केंद्रांत बहुतेक मुलं वाचतात, शाळेत जातात, मोठी होतात. म्हणूनच ती कशी झोपतात, कशाला घाबरतात, वर्गात शिकवलेलं त्यांना किती उमगतं, हे प्रश्न आता पुढे ढकलता येणार नाहीत.

काय सांगायचं, कधी सांगायचं

तीन-चार वर्षांच्या मुलाला पंधरा दिवस आधी सांगून उपयोग नसतो. त्याला दिवस मोजता येत नाहीत, भीती तेवढी साठत जाते. एक-दोन दिवस आधी, थोडक्यात, दोन-तीनदा सांगावं. सहा-सात वर्षांच्या पुढच्या मुलाला आठवडाभर आधी सांगितलं तर त्याला प्रश्न विचारायला वेळ मिळतो. बारा-तेरा वर्षांचं मूल तर निर्णयाच्या चर्चेतच बसलेलं हवं. कायद्याने सही तुमची लागते, तरी त्याचा होकार महत्त्वाचा आहे. पुढे आयुष्यभर गोळ्या त्यालाच घ्यायच्या आहेत.

शब्द साधे ठेवा. उदाहरणार्थ: ‘तुझं लिव्हर नीट काम करत नाही, म्हणून डोळे पिवळे दिसतात आणि अंगाला खाज येते. डॉक्टर तुला झोपेचं औषध देतील. ही झोप रात्रीच्या झोपेपेक्षा वेगळी असते, तिच्यात काही दुखत नाही, काही कळत नाही, आणि काम झालं की डॉक्टरच उठवतात. तुझं आजारी लिव्हर काढून ते बाबाच्या लिव्हरचा तुकडा बसवतील. उठशील तेव्हा पोटाला पट्टी असेल, नळ्या असतील, घसा खवखवेल. आजी तुझ्याजवळ असेल.’ झोपेतला फरक मुद्दाम सांगायचा. नाहीतर ऑपरेशननंतर मूल रात्री डोळे मिटायलाच घाबरतं.

मुलं तोंडाने विचारतात त्याहून जास्त मनात विचारत असतात. सात-आठ वर्षांपर्यंत बहुतेकांना आतून वाटत असतं की हे आपल्यामुळेच झालं. मी जेवत नव्हतो, मी ताईला मारलं, मी खोटं बोललो. आपल्या घरांत ‘जेवला नाहीस तर डॉक्टरकाका सुई टोचतील’ हे इतक्या सहज बोललं जातं की या समजुतीला रोज खतपाणी मिळतं. हे वाक्य घरातून कायमचं बंद करा. आणि मुलाने विचारलं नाही तरी सांगा, ‘हा आजार तू काही केल्यामुळे झालेला नाही.’ कुणी नातेवाईक त्याच्यादेखत मागच्या जन्माच्या पापाचं किंवा देवाच्या कोपाचं बोलू लागले तर त्यांना तिथेच थांबवा, वयाने कितीही मोठे असले तरी. नवस, अंगारा, पूजा यांनी तुम्हाला धीर येत असेल तर तो जरूर घ्या. मुलाच्या माथी दोष येणार नाही एवढं पाहा.

दुसरा प्रश्न दात्याचा. ‘माझ्यासाठी आईचं पोट कापणार? मग आई मरेल?’ याचं उत्तर खरं आणि धीर देणारं दोन्ही आहे: लिव्हरचा दिलेला तुकडा आणि आईकडे उरलेला भाग, दोन्ही पुढच्या काही आठवड्यांत-महिन्यांत वाढतात. किडनी वाढत नाही, पण एका किडनीवर माणूस नीट जगू शकतो. आईला दुखेल, ती काही दिवस हळू चालेल, तुला उचलून घेणार नाही, हेही सांगा. ‘आईचं लिव्हर बसवलं तर मी मुलगी होणार का?’ असंही एखादा विचारतो. हसू नका. ‘नाही, तू तूच राहणार’ असं गंभीरपणे सांगा.

मेंदूमृत दात्याकडून अवयव येणार असेल तर गोष्ट नाजूक होते. मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या विभागीय समन्वय केंद्रांच्या यादीत नाव लागलं की घर फोनकडे कान लावून बसतं. ‘देवा, लवकर फोन येऊ दे’ ही प्रार्थना मूल ऐकत असतं, आणि दहा-बारा वर्षांच्या मुलाला तिचा अर्थ कळतो. ‘कुणीतरी मेलं तेव्हा मी वाचलो’ हा विचार त्याला एकट्याने वाहू देऊ नका. ती व्यक्ती तुझ्यामुळे गेली नाही, ती जाणारच होती, आणि तिच्या घरच्यांनी दुःखातही देण्याचं ठरवलं, हे स्पष्ट बोला. दात्याची ओळख गुप्त ठेवली जाते. तरी मुलाला आभाराचं पत्र लिहावंसं वाटलं तर लिहू द्या, आणि ते नाव न सांगता पोहोचवता येईल का हे ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरना विचारा.

सुईबद्दल एक नियम पाळा: ‘दुखणार नाही’ असं कधीही म्हणू नका. ‘दुखेल, पण दहा आकडे मोजेपर्यंतच’ असं म्हणा आणि मोजा. डावा हात की उजवा, मांडीवर बसून की पलंगावर, बघायचं की तोंड फिरवायचं, हे त्याला ठरवू द्या. कातडी बधिर करणारं क्रीम मिळतं. ते तासभर आधी लावावं लागतं, म्हणून सिस्टरना आधीच विचारून ठेवा. एकदा खोटं बोलून सुई टोचलीत की पुढच्या पन्नास सुया जड जातात.

लहान मुलांसाठी खेळ हा सगळ्यात चांगला दुभाष्या. एक बाहुली किंवा टेडी, सुई नसलेली सिरिंज, मास्क, चिकटपट्टी एवढं सामान पुरतं. वॉर्डमध्ये पाच वर्षांची पोर बाहुलीच्या पोटावर आडवी पट्टी चिकटवते, नाकात दोऱ्याची नळी लावते आणि दटावते, ‘हलू नको, हललीस तर आईला बाहेर काढतील.’ तिला नेमकं कशाचं भय आहे ते त्या एका वाक्यात कळतं. सुईपेक्षा आई जाण्याचं. शेजारी बसा, बाहुलीला म्हणा, ‘आई दाराबाहेरच असते आणि परत येते.’ बस, तेवढंच.

आई एका वॉर्डात, मूल दुसऱ्या

आपल्याकडे मुलांची बहुतेक लिव्हर प्रत्यारोपणं जिवंत दात्याकडून होतात आणि दाता पुष्कळदा आईच असते. म्हणजे मुलाला आई सगळ्यात जास्त हवी असते त्याच दिवशी ती दुसऱ्या मजल्यावर, स्वतः टाके घालून पडलेली असते. बाप दोन आयसीयूंच्या मध्ये. या आठवड्याची तयारी आधीपासून करावी लागते, कारण त्या दिवशी सुचत नाही.

मुलाजवळ राहणारं एक ठरलेलं माणूस हवं. आजी, मावशी, आत्या, कुणीही, पण तेच ते. ऑपरेशनच्या निदान आठ-दहा दिवस आधीपासून त्या माणसाने मुलाला भरवणं, झोपवणं, औषध देणं सुरू करावं. आईने मोबाईलवर दोन-तीन गोष्टी, अंगाई, नेहमीचं ‘शुभ रात्री’ स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवावं. रुग्णालयाचे जंतुसंसर्गाचे नियम विचारून मुलाची ओळखीची एखादी धुतलेली वस्तू आत नेता येते का पाहावं. आईला बोलता येऊ लागलं की व्हिडिओ कॉल करावा, पण सलाईन आणि नळ्या लावलेली आई मुलाला दिसणार आहे हे कॉलच्या आधी त्याला सांगावं. आई बरी होऊन भेटायला आली आणि मुलाने तिच्याकडे पाठ फिरवली तर तिने मनाला लावून घेऊ नये. रागावलेली मुलं अशीच वागतात. दोन-चार दिवस नुसतं जवळ बसून राहावं.

आयसीयूत काही मुलं बरळतात, भिंतीवर किडे दिसतात म्हणतात, नळ्या ओढतात, आईबापांनाही ओळखत नाहीत. याला डिलिरियम म्हणतात. वेड लागलं असं त्यात काही नाही. औषधं, जंतुसंसर्ग, झोपमोड यांतून ते होतं आणि बहुधा काही दिवसांत ओसरतं. डॉक्टरांना लगेच सांगा. तुमच्या बाजूने करायचं ते असं: चष्मा किंवा श्रवणयंत्र असेल तर लावा, दिवसा उजेड आणि रात्री अंधार ठेवण्याची विनंती करा, ‘आज मंगळवार, सकाळ झाली, तू दवाखान्यात आहेस, मी मावशी’ असं शांतपणे सांगत राहा.

औषधांमुळे बदलणारं वागणं

घरी आल्यावर पुष्कळ आईबाप म्हणतात, ‘हे आमचं पोर नाहीच.’ सतत भूक, रात्री जागरण, क्षणात रडू, क्षणात आदळआपट. यामागे बरेचदा स्टेरॉइडचा मोठा डोस असतो आणि डोस उतरत जातो तसं वागणंही निवळतं. शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या टॅक्रोलिमसमुळे हात थरथरतात, डोकं दुखतं, झोप उडते. हात थरथरला की अक्षर बिघडतं, आणि अक्षर बिघडलं म्हणून शाळेत ओरडा बसतो. कुणाच्या लक्षातच येत नाही की दोष औषधाचा आहे. शाळेच्या वहीचं एक पान प्रत्यारोपणाआधीचं आणि एक आताचं, दोन्ही ओपीडीत दाखवा. डॉक्टरांना ते शंभर शब्दांपेक्षा जास्त सांगतं.

मात्र अचानक झटका येणं, नजर धूसर होणं, खूप डोकेदुखी, गोंधळून जाणं यांपैकी काही दिसलं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका, त्याच क्षणी ट्रान्सप्लांट टीमला फोन करा. आणि वागणं कितीही बिघडलं तरी डोस स्वतःच्या मनाने कमी करू नका. झोपेसाठी किंवा मनासाठीचं कुठलंही औषध, काढा, चूर्ण टीमला विचारल्याशिवाय द्यायचं नाही. यातल्या अनेकांनी टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी वरखाली होते.

अभ्यासात मागे पडतंय का?

या विषयावर आपल्याकडे फार कमी बोललं जातं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मेंदूची वाढ पहिल्या दोन-तीन वर्षांत सगळ्यात झपाट्याने होते. बिलिअरी अट्रेसियाचं मूल नेमकी तीच वर्षं कुपोषणात, काविळीत आणि रुग्णालयात काढतं. लिव्हर थकलं की रक्तातला अमोनिया वाढतो, स्निग्ध पदार्थ पचत नाहीत, त्यामुळे अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं अंगी लागत नाहीत. ई जीवनसत्त्व दीर्घकाळ कमी पडलं तर नसांवर परिणाम होतो. किडनीच्या मुलांत रक्तात साचणारा युरिया आणि इतर विषारी द्रव्यं लक्ष विचलित करतात, शिवाय आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस म्हणजे तेवढ्या दिवसांची शाळा बुडते. प्रत्यारोपणानंतर यातलं बरंचसं सुधारतं. किडनीच्या मुलांचं लक्ष आणि उत्साह वाढलेला घरच्यांनाही जाणवतो. तरी काही त्रुटी मागे राहू शकतात.

अमेरिका आणि कॅनडातल्या केंद्रांनी मिळून लिव्हर प्रत्यारोपण झालेल्या ५ ते ७ वर्षांच्या १४४ मुलांची तपासणी केली आणि तिचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. मुलांचा सरासरी बुद्ध्यांक ९५च्या आसपास, म्हणजे सर्वसाधारण मर्यादेतच होता. पण साधारण चारांतलं एक मूल ७१ ते ८५च्या पट्ट्यात आलं. एरवीच्या मुलांत हे प्रमाण सातांत एक असतं. बहुसंख्य मुलं ठीक आहेत आणि काहींना मदत लागणार आहे, असा याचा सरळ अर्थ. ती मुलं कोणती हे तपासल्याशिवाय कळत नाही.

बुद्ध्यांक चांगला असूनही पुष्कळदा अडतं ते लक्ष टिकवणं, सूचना डोक्यात धरून ठेवणं आणि कामाची आखणी करणं इथे. बाई वर्गात म्हणतात, ‘पुस्तक काढा, पान ४२ उघडा, तिसरा प्रश्न वहीत लिहा.’ मूल पुस्तक काढतं आणि तिथेच थांबतं. बाकीच्या दोन सूचना निसटलेल्या असतात. त्याला आळशी म्हटलं जातं, किंवा ‘आजारपणाने लाडावलंय’ म्हटलं जातं. अशा मुलाला एका वेळी एकच सूचना द्या. घरी रोजच्या कामांचा तक्ता भिंतीवर लावा, चित्रांसह. अभ्यास पंधरा-वीस मिनिटांच्या तुकड्यांत करा. पहिल्या बाकावर जागा मागून घ्या.

त्याआधी एक तपासणी मात्र नक्की करा: कानांची. काही अँटिबायोटिक्स, लघवी होण्यासाठी दिलेली औषधं आणि लिव्हरच्या कॅन्सरवरची काही केमोथेरपी यांमुळे ऐकू कमी येऊ शकतं, विशेषतः बारीक, उंच आवाज. असं मूल हाकेला ओ देतं, पण शब्द अर्धवट ऐकतं. ऑडिओमेट्री ही साधी, न टोचणारी तपासणी आहे. वर्षानुवर्षं ती न करता मुलाला मठ्ठ ठरवणं हा अन्याय आहे, आणि तो आपल्याकडे होतो.

अगदी लहान बाळांची गोष्ट वेगळी. पोट फुगलेलं असल्याने ती पालथी पडत नाहीत, उशिरा बसतात, उशिरा चालतात. नाकातल्या नळीने दूध दिलेलं असेल तर तोंडाने खायला आणि बोलायला अडखळतात. फिजिओथेरपी आणि स्पीच थेरपी प्रत्यारोपणाच्या आधीच सुरू होऊ शकते. जिल्हा रुग्णालयांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली मुलांच्या विकासाची तपासणी आणि थेरपी करणारी डीईआयसी केंद्रं आहेत, तिथे चौकशी करा. आणि घरातलं औषध विसरू नका: बाळाशी बोला, बडबडगीतं म्हणा, भाजी निवडतानाही तिचं नाव सांगा. आजारी बाळाशी घर हळूहळू कमी बोलू लागतं, कारण सगळ्यांचं लक्ष औषधाच्या वेळेकडे असतं.

मानसशास्त्रीय चाचणी घ्यायची ती मुलाच्या घरच्या भाषेत घ्यायचा आग्रह धरा. अहिराणी किंवा मालवणी बोलणाऱ्या मुलाची चाचणी इंग्रजीत घेतली तर आकडा उगाच कमी येतो. व्ही. व्ही. कामतांनी १९३०च्या दशकातच बिने चाचणीचं मराठी आणि कानडी मुलांसाठी रूपांतर केलं, आणि बिने-कामत चाचणी अजून वापरात आहे. मालिन यांनी नागपूरच्या बालमार्गदर्शन केंद्रातून भारतीय मुलांसाठीची बुद्धिमापन चाचणी तयार केली. म्हणजे साधनं आपल्या मातीतली आहेत, मागायची मात्र तुम्हाला. तब्येत बरी असेल तर एक चाचणी प्रत्यारोपणाआधी, दुसरी साधारण वर्षाने, मग पहिलीत जाताना आणि पुन्हा पाचवी आणि आठवीच्या सुमाराला. या वर्गांत अभ्यासाचं ओझं एकदम वाढतं आणि लपलेल्या अडचणी वर येतात.

अध्ययन अक्षमता निघाली तर दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये तिचा समावेश आहे आणि बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. मुंबईत सायन, नायर, केईएम या रुग्णालयांत तिची तपासणी होते आणि प्रमाणपत्र मिळतं. दहावीच्या वर्षी धावाधाव करण्यापेक्षा आठवीतच अर्ज करा.

शाळेचा पहिला दिवस

शाळेत कधी जायचं ते टीम ठरवेल. लिव्हर-किडनीत बहुधा काही महिन्यांत, बोन मॅरोत त्याहून उशिरा. परवानगी मिळाल्यावर मात्र घरी ठेवू नका. ‘इन्फेक्शन होईल’ या भीतीने वर्ष-वर्ष घरी बसवलेल्या मुलाचं अभ्यासापेक्षा मैत्रीत जास्त नुकसान होतं.

मुख्याध्यापकांना डॉक्टरांचं पत्र द्या. त्यात चार गोष्टी पुरतात: पाण्याची बाटली आणि लघवीला जायची मोकळीक, दुपारी औषध असल्यास ते कोण देणार, पोटावर जोराचा मार बसेल असे खेळ कधीपर्यंत टाळायचे, आणि वर्गात कांजिण्या किंवा गोवर आला तर त्याच दिवशी आईला फोन. बाकी वर्गाला काय सांगायचं हे मुलाला ठरवू द्या. घरी एक वाक्य तयार करून घ्या, आरशासमोर म्हणून बघू द्या: ‘माझं ऑपरेशन झालंय, आता मी बरा आहे, मास्क थोडे दिवस आहे.’ पुढचा प्रश्न आला तर ‘मला त्याबद्दल बोलायचं नाही’ हेही त्याला म्हणता आलं पाहिजे.

वयात येताना

गोल झालेला चेहरा, अंगावरची लव, पोटावरचा व्रण, वर्गात सगळ्यात बुटकं असणं. तेरा-चौदाव्या वर्षी हे सगळं एकदम बोचू लागतं. आणि याच वयात गोळ्या चुकू लागतात. वर्षानुवर्षं नीट चाललेला अवयव गमावण्याची जी कारणं आहेत त्यांत गोळ्या न घेणं हे किशोरवयातलं फार मोठं कारण आहे.

‘गोळी घेतलीस ना?’ याला मुलं ‘हो’च म्हणतात. त्याऐवजी विचारा, ‘या आठवड्यात कितीदा राहिली? सकाळची जास्त राहते की रात्रीची?’ चुकणं गृहीत धरलं की खरं बाहेर येतं. मग ओरडू नका, पुढच्या वेळी खरं कळणार नाही. टॅक्रोलिमसची पातळी प्रत्येक तपासणीत वेगवेगळी येत असेल तर डॉक्टर त्याकडे इशारा म्हणून पाहतात, तुम्हीही पाहा.

एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. काही मुलं गोळी विसरत नाहीत, टाळतात. पाकीट उघडलं की आयसीयू, तो वास, मॉनिटरचा आवाज सगळं परत येतं. स्वप्नं पडतात, रुग्णालयाच्या रस्त्याला रिक्षा वळली की मळमळतं. ही आघाताची लक्षणं आहेत आणि प्रत्यारोपण झालेल्या मुलांत ती आढळतात, हे या क्षेत्रातल्या अभ्यासांत दिसून आलं आहे. अशा मुलाला शिस्तीचा धाक नको, मानसोपचार हवा. त्याने मनही हलकं होतं आणि गोळ्याही सुरळीत होतात.

बाराव्या वर्षापासून जबाबदारी थोडी थोडी सोपवा. औषधांची नावं आणि डोस पाठ, मग डबा भरणं, मग ओपीडीत पाच-दहा मिनिटं एकट्याने डॉक्टरांशी बोलणं. त्या वेळी तुम्ही बाहेर थांबा. काही प्रश्न आईबापांसमोर विचारताच येत नाहीत. अठराव्या वर्षी मोठ्यांच्या ओपीडीत जायची वेळ येते तेव्हा त्याला स्वतःची कहाणी स्वतः सांगता यायला हवी.

बोन मॅरो आणि देणारं भावंड

भारतातलं पहिलं बोन मॅरो प्रत्यारोपण १९८३ साली मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये झालं. रुग्ण होती ९ वर्षांची मुलगी आणि दाता तिचा भाऊ. आज थॅलेसेमियाच्या मुलांसाठी मुंबई महापालिकेचं बोरिवलीतही केंद्र आहे. इथे मूल आठवडेच्या आठवडे एका खोलीत बंद असतं, केस जातात, तोंडात फोड येतात, सोबत एकच माणूस. त्याला दिवसाचा आखीव कार्यक्रम द्या: अंघोळ, गोष्ट, चित्र, शाळेतल्या मित्राचा कॉल, ठरल्या वेळी. केस जाणार हे आधी सांगा, आणि ते परत येतात हेही.

देणारं भावंड मात्र नेहमी मागे राहतं. सहा वर्षांच्या बहिणीला ‘तू दादाला वाचवणार’ असं कौतुकाने सांगितलं जातं. दादाला पुढे गुंतागुंत झाली तर तिला काय वाटेल याचा विचार कुणी केलेला नसतो. तिला आधीच सांगा, ‘तू देतेस ते चांगलंच आहे. पुढे काय होईल ते औषधांवर आणि आजारावर आहे, तुझ्यावर नाही.’ तिच्याशी बोलायला रुग्णालयातला वेगळा समुपदेशक मागा. आणि गावी आजी-आजोबांकडे ठेवलेलं तिसरं भावंड असेल तर त्याला रोज पाच मिनिटांचा फोन, फक्त त्याच्याबद्दलचा.

तुमच्याविषयी

दमलेल्या आईबापांच्या तोंडून एखाद्या रात्री निघून जातं, ‘तुझ्यासाठी शेत विकलं’, ‘मी तुला लिव्हर दिलं आणि तू साधा अभ्यास करत नाहीस’. कळवळा समजतो. पण हे वाक्य मूल आयुष्यभर विसरत नाही. फेडता न येणारं ऋण घेऊन कुणी मोकळेपणाने वाढू शकत नाही. पैशाचं बोलणं त्याच्या पाठीमागे करा. दान हे दानच राहू द्या.

उलट टोकही आहे. ‘एवढं सोसलंय बिचाऱ्याने’ म्हणून कुठलाही हट्ट पुरवायचा, काहीच नाही म्हणायचं नाही. झोपेची, मोबाईलची, उलट बोलण्याची जी शिस्त भावंडांना आहे तीच त्याला ठेवा. नियम नेहमीचे राहिले की मुलाला कळतं, आपण आता बरे आहोत. आणि दाता आईला स्वतःची झोप, दुखणं, रडू यासाठी जागा हवी. आई-वडिलांतही आघाताची, नैराश्याची लक्षणं सापडतात.

मुलाचं खेळणं थांबलं, झोप-भूक बिघडली, बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं, सतत चिडचिड किंवा गप्पपणा, आणि हे दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, तर बालमानसतज्ज्ञांकडे जा. मरणाबद्दल किंवा स्वतःला इजा करण्याबद्दल बोललं तर त्याच दिवशी जा, एकटं सोडू नका. टेली-मानस ही सरकारची मोफत हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं.

पुढच्या ओपीडीला जाताना रिपोर्टांबरोबर एका कागदावर तीन ओळी लिहून न्या: झोप कशी आहे, शाळा कशी चालली आहे, आणि तुम्हाला कशाची काळजी वाटते. आणि डॉक्टरांना तोंडाने विचारा, ‘याची मानसशास्त्रीय तपासणी कधी करायची?’ फाइलमध्ये ती तारीख लिहून घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.